रेकॉर्डमधलं गुणगुणणं

“तो आवाज काढून टाकायचा नाही,” धाकटी पुन्हा म्हणाली.

सकाळपासून ती दुसरं काही बोललीच नव्हती म्हणा ना. स्टुडिओच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत घरातली पाच माणसं कोंबलेली. भिंतींना काळा स्पंज, पंखा बंद, कारण पंखा कुरकुरतो, आणि बसायला एकच सोफा. त्या सोफ्यावर नाइलाजाने दोन जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या, धाकटीची आई आणि काकू. रेकॉर्डच्या वेष्टणावर एकट्या काकांचं नाव छापून आलं, तेव्हापासून या दोघींमधून विस्तव जात नव्हता. आज मधे फक्त काकूंची पर्स होती.

“अगं पण का?” मॅनेजर म्हणाला. हा काकांचा मुलगा. मॅनेजर तो कुठलाच नव्हता, शाळेत भूगोल शिकवायचा. पण कुणाच्या घरची पाण्याची टाकी धुवायची असली तरी कमरेवर हात ठेवून हुकूम सोडायचा, म्हणून लहानपणीच हे नाव पडलं आणि चिकटलं. “काहीतरी कारण सांगशील? इतक्या वर्षांनी मूळ टेप सापडली, तीही आमच्या माळ्यावर, फुटक्या सुटकेसमध्ये. कंपनी आपणहून आली, नवी रेकॉर्ड काढतो म्हणाली. माझ्या वडिलांचं ट्रम्पेट कसं लख्ख वाजतंय बघ. आणि त्यात मधेच कोणीतरी हूंऽ हूंऽ करतंय. पोट दुखल्यासारखं!”

“कोणीतरी नाही. बाबा आहेत ते.”

“त्यांचा मान ठेवूनच बोलतोय मी. तुझे बाबा, माझे काका, थोर माणूस. पण बास वाजवावा आणि गप्प बसावं ना! कण्हायचं कशाला?”

धाकटीने मानसुद्धा वळवली नाही. ती समोरच्या दोन स्पीकरांकडे बघत होती. पन्नाशी उलटलेली बाई, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम करणारी. काच किती घासायची आणि कुठे थांबायचं हे तिला बरोबर कळायचं. माणसांच्या बाबतीत कुठे थांबायचं हे मात्र तिला कधी जमलं नाही, असं तिचा थोरला भाऊ म्हणायचा. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि एखादी गोष्ट धरली की ती सोडली नाही. घरात तिला धाकटीच म्हणत. आता तिच्याहून धाकटी अशी कितीतरी माणसं घरात आली होती, तरी नाव बदललं नाही.

प्रकरण दिसायला सोपं होतं. एकेकाळी दोन भावांचा मिळून एक जॅझचा बँड होता. धाकटा भाऊ, म्हणजे काका, ट्रम्पेट वाजवायचे. थोरला, म्हणजे बाबा, माणसाएवढा उंच, खर्जात वाजणारा डबल बास छातीशी धरून उभे राहायचे. पियानोवर मास्तर, आणि ड्रमवर एक हसरा गृहस्थ, ज्याला सगळे हसराच म्हणत. एका हॉटेलच्या जेवणघरात चौघे वाजवायचे आणि लोक काटे-चमचे आपटत जेवायचे. त्या सगळ्या वर्षांतून उरली ती एक रेकॉर्ड, एका दुपारी चौघांनी मिळून केलेली. आता चौघांपैकी एकही नव्हता. हसरा लवकर गेला, मग मास्तर, मग काका, आणि गेल्या वर्षी बाबा. कंपनीचं म्हणणं एवढंच की रेकॉर्ड दोन भावांची, तेव्हा दोन्ही घरांतल्या सगळ्यांचा होकार हवा, आणि तो आज हवा. सगळ्यांनी हो म्हटलं होतं. एकटी धाकटी आडवी आली होती.

“मी जरा सुचवू का?” ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या स्टुडिओत घरातल्या सपाता घालून वावरायच्या आणि बिस्किटं खाताना तोंडाखाली हात धरायच्या, यंत्रावर चुरा पडू नये म्हणून. “कायमचा पुसत नाही. नुसता दाबते. ऐकून तर बघा.”

त्यांनी पडद्यावर काहीतरी ओढलं आणि टेप पुन्हा सुरू झाली. काकांचं ट्रम्पेट आलं, ओल्या कपड्यासारखं पिळून काढलेलं, लांबलचक. त्याच्या मागे पियानो, त्याच्या मागे ड्रमवर घासणारा तारांचा ब्रश. आणि जिथे ते हूंऽ यायचं तिथे काहीच आलं नाही.

“वा!” मॅनेजर म्हणाला.

“आत्ता कसं,” धाकटीचा थोरला भाऊ म्हणाला. हा सरकारी कचेरीत निवृत्त होईपर्यंत खुर्चीला चिकटून बसला होता, आणि घरात कुठलंही भांडण झालं की जिकडे माणसं जास्त तिकडे त्याचं मत जायचं. “खरं सांगू? शाळेत पोरं मला चिडवायची. एकाला हौसेने घरी बोलावून रेकॉर्ड ऐकवली, तर दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं, याच्या बाबांनी म्हैस पाळलीय म्हणून. मी परत कुणाला ऐकवली नाही.”

काकूंना हसू आलं, ते त्यांनी रुमालात दडवलं. आई हसली नाही. ती मघापासून मांडीवरच्या शालीची झालर बोटांनी विंचरत होती.

धाकटीला मात्र ते सहन झालं नाही. घरातलं माणूस गेल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी त्याची खुर्ची उचलून गच्चीवर नेऊन ठेवावी, तसं. तिने बाईंना सांगितलं, “परत आणा तो.”

“अगं—”

“दादा, तू गप्प बस. तुला म्हैस ऐकू येते. मला बाबा ऐकू येतात.”

मग तिने सांगितलं. या माणसांसमोर असलं काही बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा चिडल्यासारखंच बाहेर पडलं.

“बाबांचा आवाज दुसरीकडे कुठे आहे सांगा मला. फोनवर बोलायचे नाहीत. व्हिडिओ काढायला गेलं की हाताने तोंड झाकायचे. बँड बंद झाल्यावर विजेची मीटरं वाचत गावभर फिरले, घरी आले, जेवले, झोपले. आयुष्यभर मोजून मापून बोललेला माणूस! वर्ष झालं, मी दुकानात मागच्या खोलीत डबा खाते. एकटी. फोनमध्ये हे लावून समोर ठेवते. तो आवाज आला की मला वाटतं, आहेत. एवढंच आहे माझ्याकडे. तेवढं पण तुम्हाला स्वच्छ करून हवंय?”

बाईंनी बिस्किटाचा पुडा अलगद मिटला.

तिला ती दुपार आठवत होती, जशी ती तिला नेहमीच आठवायची. ती सात-आठ वर्षांची. घरात झाकणाची एक छोटी पेटी होती रेकॉर्ड वाजवायची, तिचा स्पीकर झाकणातच, तळहाताएवढा. रेकॉर्ड नुकतीच घरी आलेली. तिने विचारलं होतं, बाबा, यात तुम्ही कुठे? बाबा तिच्या शेजारी जमिनीवर बसले. एक बोट वर करून वाट बघत राहिले. ट्रम्पेट संपलं, पियानो आला, आणि त्या पियानोच्या आड कोणीतरी तोंड मिटून गुणगुणलं. बाबांचं बोट खाली आलं. “हा,” ते म्हणाले. “हा मी.” तिने टाळ्या पिटल्या होत्या.

“भावना समजते ग,” मॅनेजर आवाज उतरवून म्हणाला. तोही वाईट नव्हता. आपलं तेच खरं करायची सवय, एवढाच दोष. “पण माझ्या आईचा विचार कर. बाबा जाऊन किती वर्षं झाली. एवढे मोठे वाजवणारे, आज नाव काढलं तर लोक विचारतात, कोण? ही रेकॉर्ड निघाली तर निदान चार लोक ऐकतील. आणि तुझ्या एका हूंऽसाठी ती तशीच माळ्यावर जाणार?”

“आवाजासकट काढा. मी कुठे नको म्हणते?”

“कंपनी काय म्हणाली माहितीय? असं गुरगुरणं असलेली रेकॉर्ड आजकाल लोक सदोष समजून परत करतात.”

“मग कंपनीला सांग, आम्हीही सदोषच आहोत.”

“हे बघ, तू हट्टाला पेटलीस की—”

“मी हो म्हणणार नाही. संपलं.”

काकूंनी पर्स उघडली, बंद केली. मग त्या एकदम रडायलाच लागल्या, मोठ्याने नाही, पण थांबवता येईना असं. “मला त्या कंपनीचं काही नको,” त्या म्हणाल्या. “पण ह्यांचं बाहेर कुठे काही वाजलं ना, की मला वाटायचं मी एकटी नाही. पूर्वी रेडिओवर लागायचं अधूनमधून. आता ते पण बंद झालं. मी एवढ्या मोठ्या घरात खिडक्या उघड्या टाकून बसते, रस्त्यावरचा तरी आवाज यावा म्हणून.” त्यांनी नाक पुसलं. “जाऊ दे. तिला नको असेल तर नको.”

आईने झालर विंचरणं थांबवलं. कित्येक वर्षांत तिने या जावेकडे नीट बघितलं नव्हतं, ते आत्ता बघितलं. मग मान वर करून लेकीला म्हणाली, “हो म्हण तू.”

“आई, तू सुद्धा?”

“हो म्हण. काढू दे त्यांना तो आवाज.”

“का पण?”

“कारण तो त्यांचा नाहीच.”

धाकटीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“तो मास्तरांचा आवाज आहे,” आई म्हणाली. “पियानोवर बसले की मास्तर गुणगुणायचे. त्यांना कळायचंही नाही. मी होते ना रेकॉर्ड केली त्या दिवशी तिथे, डबे घेऊन गेले होते. त्यांना दोनदा सांगितलं, मास्तर, तोंड मिटा. मिटलं, तरी नाकातून यायचंच. शेवटी भावजी, म्हणजे तुझे काका, म्हणाले, मरो, असू दे.”

“हे बरोबर आहे,” काकू रुमालातून म्हणाल्या. “मास्तर गुणगुणायचे. आमच्याकडे जेवतानाही गुणगुणायचे. पण या रेकॉर्डमधला आवाज भावजींचा, हिच्या बाबांचा, असं तुमच्या घरातच म्हणतात ना? मला वाटलं, तेही शिकले असतील मास्तरांचं बघून.”

“बाबा म्हणाले होते मला,” धाकटी म्हणाली. “स्वतः म्हणाले होते. हा मी.”

“म्हणाले होते.”

“मग?”

“घरात कधी गुणगुणताना ऐकलंस त्यांना?”

नव्हतं ऐकलं. एकदा तिने विचारलंही होतं, तर बाबा म्हणाले, ते वाजवतानाच येतं. आणि बास तर हॉटेलातच ठेवलेला, आपल्या जिन्यातून तो वर येत नसे. मुलांना हॉटेलात वाजवायच्या वेळी नेत नसत. तिने वडिलांना वाजवताना कधी बघितलंच नव्हतं. हे सगळं तिला माहीत होतं, आणि इतकी वर्षं तिने ते एकापुढे एक ठेवून पाहिलं नव्हतं.

आई सावकाश बोलायला लागली, सोफ्याच्या हातावर नखाने रेघा ओढत. “त्या पेटीचा भोंगा होता एवढासा. त्यातून बास यायचाच नाही ग. ट्रम्पेट यायचं, पियानो यायचा, ड्रमची टिकटिक यायची. खालचं सगळं गायब. रेकॉर्ड घरी आली तेव्हा ते आधी एकटेच बसले होते ऐकत, तू शाळेत होतीस. पूर्ण ऐकली. मग मला म्हणाले, मी यात नाहीच. मी म्हटलं, असं कसं, तुम्ही होतात, मी पाहिलं. तर म्हणाले, पाहिलंस. ऐकू येतोय का ते सांग. मी काय सांगणार? वेष्टणावर नाव नाही, आत आवाज नाही.”

काकूंनी खाली बघितलं.

“आणि मग तू आलीस आणि नेमकं तेच विचारलंस. यात तुम्ही कुठे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता हे उठून जातील. तर बसले. बोट वर करून बसले. मी म्हटलं, आता कशावर बोट ठेवणार हे? तुला दाखवायला त्यांच्याकडे होतं काय?” आईने नखाच्या रेघा तळहाताने पुसल्या. “त्या दिवशी म्हणाले, उद्या सांगतो तिला खरं. दुसऱ्या दिवशी तू शाळेत सगळ्यांना सांगून आलीस. वर्गातल्या बाईंना पण. मग म्हणाले, थोडी मोठी होऊ दे. मग राहिलंच. मग ते खरंच झालं घरात.”

“तू तरी सांगायचंस.”

“कोणत्या तोंडाने? त्यांच्या वाजवण्यावर आयुष्यात एकदाच कोणी टाळ्या वाजवल्या, त्या तू. हॉटेलात लोक जेवायचे.”

मॅनेजरला बहुधा वाईट वाटलं असावं, मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते वेगळंच. “म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला! तुझे बाबा त्यात नाहीतच. मग आता काय हरकत आहे? बाई, काढून टाका तो.”

“अरे, थांब की मेल्या जरा,” काकू त्याला म्हणाल्या.

धाकटी तिथेच उभी होती, तोंडात मारल्यासारखी. तिला आईचा राग आला. मग बाबांचा आला, आणि मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय, हे न कळल्याने तो तसाच अंगात राहिला. वर्षभर ती दुसऱ्याच माणसासमोर डबा उघडून बसत होती. कोण कुठले मास्तर. त्यांचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. एक बारीक माणूस, कोटाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या, एवढंच. बाबांसाठी म्हणून ती जे जे रडली ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं.

ध्वनिमुद्रणवाल्या बाई खुर्चीत वळल्या. “बास ऐकायचाय का तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “नुसता बास? या स्पीकरमधून येईल. आता टेपवरून वेगळा काढता येतो.”

कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी बाकीचं सगळं बंद केलं होतं.

आधी कानाला काही लागलं नाही. मग पायाखाली लागलं. लाकडी फळीतून, सोफ्याच्या स्प्रिंगमधून, टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यातून. जाड, गोल, सावकाश, एकामागून एक. काकांचं ट्रम्पेट नाही, पियानो नाही, आणि रिकाम्या घरात एकच माणूस शांतपणे चालत असावा तसा तो बास चालला होता, मधे न थांबता, पुढे न येता. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे बघून धाकटीला कळलं की तो रडतोय. तो रडतोय याचं तिला आश्चर्य वाटलं.

आईचा चेहरा मात्र पार बदलला होता. “हे बघ,” ती काकूंना म्हणाली, चक्क काकूंना, आणि तिने जावेच्या मनगटावर हात ठेवला. “इथे बघ, घाई केली. भावजींनी ओढलं असणार पुढे. भावजी पळायला लागले की हे असे मागून धावायचे.”

“सांगायलाच नको,” काकू म्हणाल्या. “ह्यांना कुठे धीर होता? लग्नातही माझ्या पुढे चार पावलं चालत होते. आणि ताई, मग इथे बघा, भावजींनी सांभाळून घेतलं. इथे. ऐकलंत?”

“ऐकलं तर.”

“ते वेष्टणावरचं नाव ह्यांनी नव्हतं हो सांगितलं छापायला. कंपनीने छापलं. मग ह्यांना लाज वाटली आणि लाजेपायी हे बोललेच नाहीत. मीही नाही बोलले.”

“जाऊ दे ग. आता दोघेही आपापल्या जागी गेले.”

दोघी म्हाताऱ्या डोक्याला डोकं लावून ऐकत बसल्या, कोण कुठे पळाला आणि कोणी कोणाला सावरलं याच्या गप्पा करत. इतक्या वर्षांचा अबोला असा एका सोफ्यावर सुटला आणि तो सुटला हे दोघींच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीने डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. तिला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. भरून येईल, ओळख पटेल. काही झालं नाही. चांगलं वाजत होतं, एवढंच तिला कळलं. या आवाजाशी तिची ओळखच नव्हती. आईला नवरा सापडला होता, काकूंना त्यांचे हे, थोरल्यालासुद्धा काहीतरी सापडलं होतं भिंतीत तोंड खुपसून. आणि जी रोज बाबांना भेटायची, तिला बाबा अनोळखी वाटत होते. त्या भरलेल्या खोलीत तिला इतकं एकटं वाटलं, जितकं दुकानाच्या मागच्या खोलीत कधी वाटलं नव्हतं.

बास थांबला. बाईंनी डोळे पुसले आणि बिस्किटाचा पुडा पुन्हा उघडला.

“मला द्याल हे वेगळं करून?” थोरल्याने भिंतीकडूनच विचारलं.

“देते ना.”

“चला,” मॅनेजर म्हणाला. या वेळी तो हळू बोलला. “कंपनीला सांगू, बास जरा वर आणा म्हणून. काकांचं नाव वेष्टणावर माझ्या बाबांच्या बरोबरीने. ते मी बघतो, माझा शब्द. आता तरी हो ना ग?”

“मास्तर कुठे राहायचे?” धाकटीने विचारलं.

“मास्तर? मला काय माहीत?”

“लाँड्रीच्या वर,” काकू म्हणाल्या. “एक खोली होती भाड्याची. मुलांना पियानो शिकवायचे, पण स्वतःचा पियानो नव्हता, लोकांच्या घरी जाऊन शिकवायचे. रात्रीचं जेवण कधी तुमच्याकडे, कधी आमच्याकडे. फार बोलायचे नाहीत. जेवायचे आणि गुणगुणत जायचे.” त्या थांबल्या. “गेले तेव्हा पंचाईत झाली होती. ह्यांनी खोलीच्या मालकाला विचारलं, यांच्या नातेवाइकांचा काही पत्ता आहे का तुमच्याकडे, कळवायला हवं. तर तो म्हणाला, आहे ना. आणि ह्यांना आमचाच पत्ता दाखवला.”

“आमचा पण,” आई म्हणाली. “दोन्ही दिले होते.”

ही गोष्ट दोघींनी इतक्या सहज सांगितली, की सांगून झाल्यावर त्या पाणी प्यायला वळल्या. धाकटी मात्र जागची हलली नाही. तिच्या डोक्यात तो हूंऽ चालू होता. त्याचं कुठे चढणं, कुठे मोडणं, पियानोच्या आधी येऊन पियानोची वाट बघणं, सगळं तिला पाठ होतं. या जगात आणखी कोणाला ते पाठ असेल असं तिला वाटेना.

“तो आवाज राहू दे,” ती म्हणाली.

मॅनेजरने कपाळावर हात मारला. “अगं, आत्ताच झालं ना! तो तुझ्या बाबांचा नाहीये!”

“माहीत आहे.”

“मग एका परक्या माणसासाठी तू सगळं अडवून धरणार?”

“परका कसा? वर्षभर रोज जेवलेय मी त्यांच्याबरोबर.”

“हे काहीतरी भलतंच—”

“तुझ्या बाबांसाठी तू आहेस,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता चिडलेला नव्हता. “माझ्या बाबांसाठी आई आहे, दादा आहे. बाबांना मी शिकेन हळूहळू, वेळ लागेल मला. पण आज हा आवाज काढला ना, तर तो काढला हे उद्या आठवायलाही कोणी नसेल. त्यांचं बाकी काही उरलं नाही रे. पियानो हॉटेलचा होता. ही रेकॉर्ड सोडली तर तो माणूस होऊन गेला असं कुठेच नाही.”

“आणि लोकांनी परत केली तर?”

“करू देत.”

मॅनेजरने आईकडे बघितलं, म्हणजे स्वतःच्या. काकूंनी रुमालाची घडी घातली. ट्रम्पेट त्यांच्या नवऱ्याचं, एकटेपण त्यांचं, तेव्हा शब्दही त्यांचाच चालणार होता हे सगळ्यांना कळत होतं.

“असू दे रे,” त्या शेवटी म्हणाल्या. “ह्यांनी त्या दिवशी असू दे म्हटलं होतं ना. मग मी कोण काढणार?”

मॅनेजरने हात टेकले. खरं म्हणजे त्याला थोडं सुटल्यासारखंच झालं होतं, पण तसं दाखवेल तर तो मॅनेजर कसला. “ठीक आहे,” तो बाईंना म्हणाला. “आवाजासकट करा. कंपनीशी मी भांडतो. माझ्याच नशिबी आहे ते.”

बाईंनी पडद्यावर सगळं पूर्ववत केलं. मग त्यांचा हात थांबला. “एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “पियानोचं ठीक आहे, पण माणसाचा आवाज ठेवायचा तर कंपनी विचारते, त्यांच्या घरून कोणी होकार दिलाय का. आजवर तो तुमच्या वडिलांचा म्हणून प्रश्न नव्हता. आता?”

थोरल्याने भिंतीकडून मान वळवली. आई आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं.

“मास्तरांचं कोण आहे?” बाईंनी विचारलं.

“मी आहे,” धाकटी म्हणाली. “मी हो म्हणते. लावा.”